घराण्यात दिसतं ते जनुकात असतं का? आनुवंशिक गुणांच्या सांख्यिकी मॉडेलांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजीला होतं, वडिलांना झालं, आता मला होणार का? हा प्रश्न विचारणाऱ्याला डॉक्टर जो आकडा सांगतात, तो कुटुंबांच्या अभ्यासातून आणि त्यावर बसवलेल्या सांख्यिकी मॉडेलांतून आलेला असतो. ही मॉडेलं काय करतात, कुठे फसतात आणि त्यांच्या उत्तरावर किती विसंबायचं, हे या पानावर सांगितलं आहे. जीवशास्त्राचे आणि संख्याशास्त्राचे विद्यार्थी डोळ्यांसमोर आहेत, तसेच घरात आनुवंशिक आजार असलेले वाचकही. गणित जिथे आलं तिथे सोडवून दाखवलं आहे. अपूर्णांकांचा गुणाकार येत असेल तर पुरे.

‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणजे आजार आनुवंशिक आहे, असंच ना?

नाही. एका घराण्यातल्या माणसांची जनुकं सारखी असतात, तशीच चूल, विहीर, मिळकत, खाण्यापिण्याच्या सवयी आणि एकमेकांना लागणारे संसर्गही सारखे असतात. एखादा आजार काही कुटुंबांतच गोळा झालेला दिसला, तर कारण यांपैकी कुठलंही असू शकतं.

पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात फोरे नावाचे लोक राहतात. १९५० च्या दशकात त्यांच्यात ‘कुरू’ हा मेंदूचा जीवघेणा आजार होता. तो ठरावीक कुटुंबांत दिसे. बायका आणि मुलं जास्त दगावत, प्रौढ पुरुष कमी. वंशावळी तपासून काही संशोधकांनी एकाच जनुकाचं मॉडेल मांडलं: हे जनुक बायकांमध्ये प्रभावी (एक प्रत पुरे) आणि पुरुषांमध्ये अप्रभावी (दोन्ही प्रती लागतात). दिसणारा आकृतिबंध त्यात बसत होता. खरं कारण मात्र अंत्यविधीत होतं. मृत नातेवाइकाचं शरीर खाण्याची प्रथा होती आणि मेंदू बहुतेक बायका-मुलांच्या वाट्याला येई. १९६६ मध्ये कार्लटन गायडुसेक आणि सहकाऱ्यांनी हा आजार चिंपांझींमध्ये संक्रमित होतो हे दाखवून दिलं. प्रथा थांबल्यावर जन्मलेल्या पिढीत कुरू दिसेनासा झाला.

आकडे जुळले म्हणजे कारण सापडलं, असं मानणाऱ्या प्रत्येकाने कुरूचा इतिहास एकदा तरी वाचावा. चांगल्या अभ्यासात जनुकाच्या मॉडेलाला समोर एक प्रतिस्पर्धी मॉडेल असतंच: ‘जनुक नाही, घरातलं वातावरण आहे.’ दोघांना तीच माहिती देऊन तुलना केली जाते.

सेग्रिगेशन ॲनालिसिस म्हणजे काय?

आई-वडिलांकडून मुलांकडे गुण कोणत्या नियमाने जातो, हे कुटुंबांच्या माहितीवरून ठरवणं. नियम आधी गृहीत धरायचा, त्या नियमाखाली आपल्यासमोरची कुटुंबं अशीच दिसण्याची संभाव्यता काढायची, मग दुसरा नियम धरून तेच करायचं. ज्या नियमाखाली संभाव्यता जास्त, तो नियम माहितीशी जास्त सुसंगत. या संभाव्यतेला लाइकलीहूड म्हणतात.

सिकलसेलचं उदाहरण घेऊ, कारण विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत हा आजार घरोघरी माहीत आहे. १९४० च्या दशकापर्यंत दोन मतं होती. सिकलसेलचा तीव्र आजार आणि त्याची सौम्य, लक्षणं नसलेली अवस्था ही एकाच प्रभावी जनुकाची कमी-जास्त रूपं, असं एक मत. सौम्य अवस्थेत जनुकाची एक प्रत, तीव्र आजारात दोन, असं दुसरं. दुसरं खरं असेल तर तीव्र आजार असलेल्या प्रत्येक मुलाचे दोन्ही पालक वाहक, म्हणजे जनुकाची एक प्रत बाळगणारे, निघायला हवेत. जेम्स नील यांनी पालकांचं रक्त तपासलं, तेव्हा ते तसेच निघाले. हा निष्कर्ष १९४९ चा. त्याच वर्षी आफ्रिकेत काम करणारे ई. ए. बीट हे स्वतंत्रपणे त्याच उत्तरापर्यंत पोहोचले. प्रश्न नेमका असेल तर मॉडेल किती साधं असू शकतं, ते इथे दिसतं.

अप्रभावी आजारात चारांतलं एक मूल आजारी असतं म्हणतात. आमच्या दवाखान्याच्या यादीत तर निम्म्याहून जास्त मुलं आजारी आहेत. नियम चुकला का?

नियम बरोबर आहे. यादी कशी बनली ते पाहा. या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर सावकाश देतो.

दोघेही पालक वाहक असलेली १६ कुटुंबं घ्या, प्रत्येकात दोन मुलं. मूल निरोगी असण्याची संभाव्यता ३/४. दोन्ही मुलं निरोगी असण्याची ३/४ × ३/४ = ९/१६. म्हणजे सरासरी ९ कुटुंबांत एकही आजारी मूल नाही, ६ कुटुंबांत एक आजारी, आणि १ कुटुंबात दोन्ही आजारी. एकूण ३२ मुलांपैकी ८ आजारी, बरोबर एक चतुर्थांश.

आता दवाखान्यात कोण येईल? आजारी मूल आहे ती ७ कुटुंबं. उरलेली ९ कुटुंबं वाहक आहेत हे त्यांनाही ठाऊक नाही. दवाखान्याच्या यादीत १४ मुलं, त्यांपैकी ८ आजारी. प्रमाण ५७ टक्के. नियमात काहीही बदल झालेला नाही. फक्त ९ कुटुंबं आपल्या नजरेपर्यंत पोहोचलीच नाहीत. याला असर्टेनमेंट बायस म्हणतात, म्हणजे कुटुंबं निवडली जाण्याच्या पद्धतीतूनच शिरलेली चूक.

दुरुस्ती कशी करायची? ज्या मुलामुळे कुटुंब यादीत आलं त्याला प्रोबँड म्हणतात. जर्मन डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्ग सुचवला: प्रोबँडला मोजू नका, त्याची भावंडं मोजा. आपल्या उदाहरणात प्रत्येक आजारी मूल प्रोबँड धरू. एक आजारी असलेल्या ६ कुटुंबांत प्रोबँडचं एक भावंड, तेही निरोगी: ६ भावंडं, ० आजारी. दोन्ही आजारी असलेल्या कुटुंबात प्रत्येक मूल आळीपाळीने प्रोबँड, आणि प्रत्येक वेळी दुसरं आजारी: २ भावंडं, २ आजारी. बेरीज ८ भावंडं, २ आजारी. परत एक चतुर्थांश.

इथे सगळी आजारी मुलं यादीत आली आहेत असं धरलं. प्रत्यक्षात शहरातल्या मोठ्या रुग्णालयात दोन-तीन आजारी मुलं असलेलं कुटुंब पोहोचण्याची शक्यता एक आजारी मूल असलेल्यापेक्षा जास्त असते. त्यासाठी वेगळी दुरुस्ती लागते. पण कुठलीही दुरुस्ती करायची तर कुटुंब आपल्यापर्यंत कसं आलं, याची नोंद पहिल्या दिवसापासून असावी लागते. शिबिरात आलं, नातेवाइकाने आणलं, की घरोघरी पाहणीत सापडलं? ही नोंद नसलेली यादी कितीही मोठी असली तरी तिच्यातून वारशाचं प्रमाण काढता येत नाही.

आम्ही दोघे थॅलेसेमियाचे वाहक आहोत. पहिलं मूल आजारी आहे. आता पुढची तीन निरोगी होतील ना?

नाही. प्रत्येक गरोदरपणात धोका नव्याने एक चतुर्थांशच असतो. आधीच्या मुलाला काय झालं याची पुढच्या गर्भाशी काही गाठ नाही. गर्भारपणाच्या सुरुवातीलाच किंवा त्याआधीच समुपदेशकाला भेटा.

आजोबांना आजार होता, नातवाला आहे, पण मधला माणूस ठणठणीत. हे मॉडेलात कसं बसतं?

जनुक असून गुण न दिसणं शक्य असतं. जनुक असणाऱ्यांपैकी किती जणांत गुण दिसतो, त्या प्रमाणाला पेनिट्रन्स म्हणतात. बऱ्याच आजारांत तो वयावर अवलंबून असतो. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराची लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीनंतर सुरू होतात. म्हणून २० वर्षांचा निरोगी मुलगा ‘निरोगी’ म्हणून मोजला तर गणित चुकतं. त्याच्याबद्दल इतकंच म्हणता येतं की विसाव्या वर्षापर्यंत लक्षणं नाहीत. ६५ वर्षांच्या निरोगी काकाचा पुरावा मात्र वजनदार असतो. त्यामुळे वंशवृक्षात निरोगी माणसांचं वयही लिहिलेलं हवं.

उलट बाजूही असते: जनुक नसताना आजार होणं. स्तनाचा कर्करोग इतका आढळतो की एकाच घरात दोन-तीन बायकांना तो केवळ योगायोगानेही होऊ शकतो. १९८८ मध्ये अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांच्या गटाने नव्याने निदान झालेल्या १,५७९ स्त्रियांच्या कुटुंबांवर सेग्रिगेशन ॲनालिसिस केलं. निष्कर्ष असा: एका दुर्मिळ प्रभावी जनुकाने स्पष्टीकरण होतं, पण ते लागू पडतं सुमारे ४ टक्के कुटुंबांना. जनुक असलेल्या स्त्रीला आयुष्यभरात सुमारे ८२ टक्के धोका, नसलेलीला ८ टक्के. जनुक कुठे आहे हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. केवळ कुटुंबांच्या आकड्यांवरून त्याचं अस्तित्व आणि ताकद यांचा अंदाज बांधला गेला. मला हे काम मोठं वाटतं ते यासाठी.

मग जनुक नेमकं कुठे आहे ते कसं सापडतं? लॉड स्कोअर म्हणजे काय?

गुणसूत्रावर जवळजवळ असलेल्या दोन गोष्टी बहुतेक वेळा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. लांब असलेल्या दोन गोष्टींमध्ये पुनर्संयोग, म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल, होऊन त्या सुट्या होतात. म्हणून जागा माहीत असलेली एखादी खूण, म्हणजे मार्कर, आजाराबरोबर सतत एकत्र जात असेल तर आजाराचं जनुक तिच्या आसपास असणार. या पद्धतीला लिंकेज ॲनालिसिस म्हणतात.

पुरावा मोजायची रीत न्यूटन मॉर्टन यांनी १९५५ मध्ये मांडली. समजा १० मुलांमध्ये मार्कर आणि आजार यांचा प्रवास तपासला आणि दहाही वेळा ते एकत्र गेले. दोघांचा संबंधच नसता तर असं घडण्याची संभाव्यता १/२ चा दहावा घात, म्हणजे १/१०२४. ते अगदी लागून असतील तर संभाव्यता १. गुणोत्तर १०२४, त्याचा दहा पायाचा लॉगॅरिदम सुमारे ३.०. हा लॉड स्कोअर. दहांपैकी एकदा सुटे झाले असते तर तोच स्कोअर जास्तीत जास्त १.६ पर्यंत उतरला असता. एका मुलामुळे केवढा फरक!

३ ही मर्यादा का? हजारास एक हे गुणोत्तर ऐकायला प्रचंड वाटतं, पण गुणसूत्रांवरच्या कुठल्याही दोन जागा एकमेकींच्या पुरेशा जवळ असण्याची मूळ शक्यताच साधारण पन्नासात एक असते. दोन्ही एकत्र धरले की उरतं साधारण वीसास एक. म्हणजे ३ हा स्कोअर ‘बऱ्यापैकी खात्री’ सांगतो, ‘निर्विवाद’ नव्हे. सगळ्या गुणसूत्रांवर शोध घेत फिरायचं असेल तर एरिक लँडर आणि लिओनिड क्रुग्ल्याक यांनी १९९५ मध्ये ३.३ ची मर्यादा सुचवली.

या पद्धतीचं पहिलं मोठं यश हंटिंग्टन आजाराचं. व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकाठी या आजाराचं एक अवाढव्य घराणं राहतं. नॅन्सी वेक्सलर आणि सहकाऱ्यांनी तिथे जाऊन वंशवृक्ष आणि रक्ताचे नमुने जमवले. १९८३ मध्ये जेम्स गुसेला यांच्या गटाने चौथ्या गुणसूत्रावरच्या मार्करशी संबंध दाखवला, लॉड स्कोअर ८.५३. प्रत्यक्ष जनुक हाती यायला १९९३ उजाडलं.

स्तनाच्या कर्करोगाचं जनुक सापडायला मात्र एक युक्ती लागली. किंग यांच्या २३ कुटुंबांत एकत्रित पुरावा धूसर होता. कुटुंबं आजाराच्या सरासरी वयानुसार मांडली, तेव्हा कमी वयात कर्करोग झालेल्या कुटुंबांत सतराव्या गुणसूत्रावर स्कोअर ५.९८ पर्यंत चढला आणि उतारवयातल्या कुटुंबांत तो शून्याखाली गेला. दोन वेगळ्या कारणांची कुटुंबं एकत्र मिसळली की खरा पुरावाही विरघळतो. हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालं आणि बीआरसीए१ हे जनुक १९९४ मध्ये वेगळं करण्यात आलं.

शंभर-दोनशे माणसांच्या वंशवृक्षाची संभाव्यता कशी काढतात?

तिथे बहुतेकांची जनुकं माहीत नसतात, म्हणून प्रत्येक माणसाच्या प्रत्येक शक्यतेची बेरीज करावी लागते. एकाच जनुकाच्या तीन शक्यता धरल्या तरी १०० माणसांसाठी ३ चा शंभरावा घात इतकी पदं होतात. रॉबर्ट एल्स्टन आणि जॉन स्ट्युअर्ट यांनी १९७१ मध्ये यातून वाट काढली. आई-वडिलांची जनुकं ठरली की मुलांचं गणित आजोबांवर अवलंबून राहत नाही. म्हणून टोकाच्या कुटुंबापासून सुरुवात करून एकेक फांदी सोलत आत यायचं आणि तिची बेरीज तिच्या मुळाशी असलेल्या एकाच माणसावर नोंदवायची. यामुळे काम माणसांच्या संख्येच्या प्रमाणातच वाढतं. मार्कर वाढले की मात्र ही पद्धत अडखळते. तिथे लँडर आणि फिल ग्रीन यांची १९८७ ची पद्धत चालते, पण ती मोठ्या वंशवृक्षापुढे हात टेकते. कोणतं साधन निवडायचं हे माहितीच्या आकारावरून ठरवा.

एल्स्टन यांच्या मॉडेलातली दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला पालक ते जनुक प्रत्येक मुलाला देतो, एक प्रत असलेला निम्म्यांना आणि एकही नसलेला कुणालाच नाही: १, १/२, ०. हे तीन आकडे गृहीत न धरता माहितीलाच विचारता येतात. ती याच आकड्यांच्या जवळ गेली तर मेंडेलच्या नियमाला आधार मिळतो. ही पडताळणी टाळली की काय होतं? १९९० मध्ये मॅकगफिन आणि हकल यांनी वेल्समधल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या घरांत ‘मेडिकल कॉलेजात जाणं’ हाच गुण धरून विश्लेषण केलं. अप्रभावी जनुकाच्या वारशासारखा आकृतिबंध निघाला. डॉक्टरांच्या घरातली मुलं डॉक्टर का होतात, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

उंची, रक्तदाब, साखर यांचं काय? तिथे ‘आजारी’ आणि ‘निरोगी’ असे दोन कप्पेच नाहीत.

तिथे एका जनुकाऐवजी शेकडो-हजारो जनुकांचे बारीक परिणाम धरतात. सुरुवात फ्रान्सिस गाल्टन यांनी केली. १८८६ मध्ये त्यांनी २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं यांच्या उंचीचा अभ्यास मांडला. स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून त्यांनी आई-वडिलांची सरासरी काढली. आई-वडील सरासरीपेक्षा जितके उंच, त्या फरकाच्या सुमारे दोन तृतीयांशानेच त्यांची मुलं सरासरीहून उंच निघाली. पण हा उतार मेंडेलच्या सुट्या जनुकांतून कसा येतो यावर पुढे मोठा वाद झाला. तो आर. ए. फिशर यांनी १९१८ मध्ये मिटवला. पुष्कळ जनुकं, प्रत्येकाचा परिणाम छोटा, एवढं धरलं की नातेवाइकांमधलं साम्य आपोआप नात्याच्या अंतराप्रमाणे घटतं: पालक आणि मूल १/२, आजोबा आणि नातू १/४, सख्खे चुलत किंवा मामे भावंड १/८. हे आकडे हेरिटॅबिलिटीने, म्हणजे माणसामाणसांतल्या फरकातल्या जनुकांच्या वाट्याने, गुणले की अपेक्षित सहसंबंध मिळतो. लोकांच्या मापांतल्या एकूण चढउताराची, म्हणजे व्हेरियन्सची, जनुकं आणि वातावरण अशी फोड करणारी आजची सगळी मॉडेलं याच लेखातून निघाली आहेत.

आजार हो-नाही स्वरूपाचा असूनही मागे अनेक जनुकं असू शकतात. डग्लस फाल्कनर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या मॉडेलात प्रत्येकाच्या अंगी कमी-जास्त प्रवणता असते आणि ती एका उंबरठ्यापलीकडे गेली की आजार दिसतो. तान्ह्या बाळांच्या जठराचं तोंड आवळण्याचा एक आजार मुलग्यांत मुलींपेक्षा चार-पाच पट आढळतो. मुलींचा उंबरठा उंच असेल, तर आजारी मुलीकडे प्रवणतेची जनुकं जास्त असणार आणि पुढे तिच्या मुलांनाही धोका जास्त असणार. सेड्रिक कार्टर यांच्या निरीक्षणांत तसंच निघालं.

उंचीची हेरिटॅबिलिटी ८० टक्के, म्हणजे माझी ८० टक्के उंची जनुकांमुळे?

नाही. हा आकडा एका माणसाबद्दल काही सांगत नाही. एका समाजात, एका काळात, माणसामाणसांतल्या फरकांपैकी किती फरक जनुकांतल्या फरकाशी जोडलेला आहे, इतकंच तो सांगतो. सगळ्यांना पोटभर अन्न मिळणाऱ्या देशात वातावरणाचा फरक कमी, म्हणून जनुकांचा वाटा मोठा दिसतो. जिथे काही मुलं कुपोषित आणि काही सुखवस्तू, तिथे तोच वाटा कमी होऊ शकतो. हेरिटॅबिलिटी जास्त आहे म्हणून आहार सुधारून उपयोग नाही, हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. दोन समाजांमधला फरक जनुकांमुळे आहे असं तर या आकड्यावरून अजिबात म्हणता येत नाही. तसं कुणी सांगत असेल तर जोरात हरकत घ्या.

जुळ्यांचा अभ्यास का करतात?

एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी, द्विबीज जुळ्यांची सरासरी निम्मी. दोन्ही प्रकारच्या जोड्या एकाच घरात वाढतात. मग एकबीजांमधल्या सहसंबंधातून द्विबीजांमधला वजा करून दुप्पट केलं की हेरिटॅबिलिटीचा ढोबळ अंदाज मिळतो. गृहीत एवढंच की दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना घर सारखंच वागवतं.

पण गर्भातलं वातावरण हाही वारसाच असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा खूप हलकी, सरासरी २.७ किलो विरुद्ध ३.५ किलो. स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. ‘आईला मधुमेह, मुलाला मधुमेह’ या साखळीत जनुक किती आणि आईचं पोषण किती, हे साध्या वंशवृक्षावरून वेगळं काढता येत नाही.

आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न चालतं. त्याने धोका किती वाढतो?

आतेभाऊ आणि मामेबहीण यांच्या मुलाला एखाद्या जागी दोन्ही बाजूंनी एकाच पूर्वजाची प्रत मिळण्याची संभाव्यता १/१६ असते. कर्नाटक, आंध्र, तामिळनाडूत चालणाऱ्या मामा-भाचीच्या लग्नात ती १/८. समजा एखादं सदोष जनुक १०० प्रतींत एक इतकं दुर्मिळ आहे. नात्याबाहेरच्या लग्नात मूल आजारी असण्याची संभाव्यता १०,००० त १. आते-मामे भावंडांच्या लग्नात ती १०,००० त सुमारे ७.२, म्हणजे सातपट. तेच जनुक १० प्रतींत एक इतकं आढळणारं असेल तर वाढ फक्त दीडपट. आजार जितका दुर्मिळ, तितका नात्यातल्या लग्नाचा परिणाम मोठा. बहुसंख्य अशा जोडप्यांची मुलं निरोगीच जन्मतात, पण घरात एखादा दुर्मिळ अप्रभावी आजार आधी दिसला असेल तर लग्नापूर्वी तपासणी करणं शहाणपणाचं.

नात्यात नाही, पण जातीतच लग्न, हाही मुद्दा आहे. शतकानुशतकं आपसात लग्नं करणाऱ्या छोट्या गटांत काही सदोष जनुकं साचतात. एल. डी. संघवी आणि व्ही. आर. खानोलकर यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांची आनुवंशिक लक्षणं तपासून १९४९ मध्येच दाखवलं होतं की एकाच शहरात राहूनही या गटांत जनुकांची प्रमाणं वेगवेगळी आहेत. म्हणून मॉडेलात ‘भारताची सरासरी’ टाकून चालत नाही.

आई ‘ओ’, वडील ‘ओ’ आणि मूल ‘ए’. मग वडील वेगळे असणार ना?

थांबा. माणसावर संशय घेण्याआधी मॉडेल तपासा. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट नोंदवला. तो ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून जगभर ओळखला जातो. ए आणि बी हे पदार्थ ज्या पायावर बांधले जातात तो एच पदार्थच या लोकांत नसतो. त्यांच्याकडे ए चं जनुक असलं तरी साध्या तपासणीत रक्त ‘ओ’ दिसतं. एच चं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आणि ए-बी चं नवव्यावर, म्हणजे दोघांचा वारसा स्वतंत्र. अशी आई मुलाला ए चं जनुक देते, वडिलांकडून एच ची चांगली प्रत मिळते आणि मूल उघड ‘ए’ निघतं.

एका जनुकाचं मॉडेल इथे ‘अशक्य’ म्हणतं, दोन जनुकांचं मॉडेल म्हणतं ‘सहज शक्य’. कुटुंबांच्या अभ्यासात काही वेळा खरोखरच जैविक वडील वेगळे असल्याचं दिसतं. ती माहिती अभ्यासकाकडेच राहिली पाहिजे आणि हे संमतिपत्रात आधीच लिहिलेलं असावं.

माझ्या भावाला हिमोफिलिया आहे, मामालाही होता. मला तीन मुलगे, तिघेही निरोगी. मी वाहक आहे का?

मामा आणि भाऊ दोघांनाही आजार, म्हणजे तुमची आई वाहक आहे असं धरायला हरकत नाही. जन्मतः तुमची शक्यता १/२. वाहक आईचा प्रत्येक मुलगा निरोगी असण्याची संभाव्यता १/२, म्हणून तुम्ही वाहक असतात तर तिन्ही मुलगे निरोगी असण्याची संभाव्यता १/८, नसतात तर १. दोन्ही मांडा: १/२ × १/८ = १/१६ आणि १/२ × १ = ८/१६. वाहक असण्याची शक्यता उरते १/९. निरोगी मुलग्यांनी ती ५० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आणली, शून्यावर नाही. तुम्हाला मुली असतील तर त्यांच्यासाठी तरी तुमची जनुकीय तपासणी करून घ्या.

हे सगळं माणसांपुरतंच आहे का?

उलट, जनावरांत हे शास्त्र जास्त पुढे गेलं. वळू दूध देत नाही, पण त्याच्या मुलींच्या दुधावरून त्याचं मूल्य काढता येतं. चार्ल्स हेंडरसन यांनी त्यासाठी उभारलेलं मॉडेल सगळी नाती एकाच वेळी हिशेबात घेतं आणि आज माणसांच्या अभ्यासातही वापरलं जातं.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं काम तर वारशाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावं असं आहे. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत एका वेताला अनेक कोकरं होत, आणि ते अनेक जनुकांमुळे असावं असं आधी वाटे. १९८० च्या सुमारास माद्यांच्या बीजांडांची संख्या मोजल्यावर तीन वेगळे गट दिसले: तीनपेक्षा कमी, तीन-चार, आणि पाच किंवा जास्त. म्हणजे एका जनुकाच्या शून्य, एक, दोन प्रती. २००१ मध्ये ते जनुक ओळखलं गेलं. तेच जनुक सुंदरबनातल्या छोट्याशा गारोळ मेंढीतही आहे. फलटणच्या संस्थेने गारोळच्या संकरातून ते दख्खनी मेंढीत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. मोजून गट वेगळे दिसले नसते तर हे जनुक शोधायची कल्पनाच कुणी केली नसती.

घरचा कुलवृत्तांत किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या वापरता येतील का?

नाती जुळवायला उत्तम. दूरच्या दोन कुटुंबांचा सामायिक पूर्वज शोधायला याहून चांगलं साधन क्वचितच मिळेल. पण त्यांत मुलींच्या बाजूची शाखा बहुधा लवकर तुटते, लहानपणी गेलेली मुलं गाळलेली असतात आणि आजाराचा उल्लेख नसतो. नेमकी हीच माहिती मॉडेलाला लागते.

म्हणून घरातल्या वयस्क बायकांशी बोला. किती बाळंतपणं झाली, किती मुलं गेली, कुठल्या वयात, कशाने, हे त्यांना आठवतं. वंशवृक्ष काढताना खुणा अशा: चौकोन पुरुष, वर्तुळ स्त्री, भरलेली खूण आजारी, तिरपी रेघ मृत, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ, आणि प्रोबँडजवळ बाण. ऐकीव निदान आणि कागदावरचं निदान वेगवेगळं नोंदवा.

कोणतं सॉफ्टवेअर वापरू?

वंशवृक्ष काढायला आणि नात्यांचे गुणांक काढायला ‘आर’ या संगणकभाषेतलं किनशिप२ पुरेसं आहे आणि फुकट आहे. लिंकेजसाठी मर्लिन, मोठ्या वंशवृक्षांतल्या मोजता येणाऱ्या गुणांसाठी सोलार, सेग्रिगेशनसाठी सेज किंवा मेंडेल. प्रत्यक्ष माहिती घालण्यापूर्वी एक काम नक्की करा: ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे अशी कृत्रिम कुटुंबं संगणकावर तयार करा, त्यांतली आजारी मूल असलेलीच निवडा, आणि तुमचं विश्लेषण दुरुस्तीनंतर एक चतुर्थांशवर परत येतं का ते पाहा. येत नसेल तर चूक दुरुस्त होईपर्यंत खऱ्या कुटुंबांच्या माहितीला हात लावू नका.